पाणसळ

भिंतीवरून सात थर कागद निघाला.
गुलाब, मग जहाजं, मग पुन्हा गुलाब,
सगळ्यात खाली एकावन्न सालचं वर्तमानपत्र,
त्यात सुक्या कॉडचा भाव.
तो वाचण्यात अर्धा दिवस गेला.

ड्रूसिला मावशीला पट्टे हवेत.
उभे. एक पांढरा, एक मोहरीपिवळा.
"दवाखान्यातल्या मासिकात पाहिले," म्हणाली,
"खोली उंच दिसते म्हणे.
मी दरसाल बुटकी होतेय,
घरात कुणीतरी उंच व्हायला हवं."

बादली पालथी घालून बसलीय दारात,
ऐंशी पूर्ण, पायात मुलाचे जुने बूट.
मी शिडीवर, कानामागे पेन्सिल.
बाहेर न्यूफाउंडलंडचं धुकं,
इतकं की कुंपणसुद्धा ऐकीव.

भिंत चौदा फूट.
नऊ इंचांचा पट्टा धरला तर अठरा बसतात
आणि सहा इंच उरतात, त्यांचं काय करायचं
ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
आठ इंच धरले: एकवीस, नेमके.
पांढऱ्याने सुरू, पांढऱ्यावर शेवट.
मी स्वतःवरच खूश.

मग मामाच्या गळाचं शिसं दोरीला बांधून
छतापासून सोडलं.
झुललं, झुललं, थांबलं.
वर, खिडकीच्या कोपऱ्यात दीड इंच कमी.
वर, दाराच्या कोपऱ्यात दीड इंच जास्त.
पाणसळ लावली चौकटीला,
तर तिचा बुडबुडा एका कडेला जाऊन बसला
रुसल्यासारखा.

"मावशी, घर कललंय."
"कलणारच. ते काय चालत आलंय?"

मग ते सगळं, जे मी तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं:
बेट रिकामं करायचं ठरलं, बेटावर शाळा नाही, नर्स नाही,
घर मात्र होतं, आणि ते टाकून कोण जाणार?
खाली ओंडके सारले, कडेने रिकामी पिंपं बांधली,
चाळीस माणसं दोरावर, भरतीची वाट बघत.
बोट पुढे, घर मागे,
ओढून न्यावी लागणाऱ्या गाईसारखं.
चूल विझवायची राहिली.
खाडीभर धुराडं धुरावत गेलं.

बारा वर्षांची ड्रूसिला
कुणाला न सांगता आत, ह्याच खोलीत,
मांडीवर कपभर पाणी घेऊन.
"कधी कप सरळ, पाणी तिरकं.
कधी पाणी सरळ, कप तिरका.
किनारा लागेपर्यंत मला कळलं नाही
दोघांतलं कोण खरं बोलतंय."

शेजारचा एल्डन डोकावून गेला.
"भिंतीच्या कलाने घे," म्हणाला,
"डोळ्याला सरळ दिसेल, काम संपेल."
मी मावशीकडे पाहिलं.
"ओळंब्याने मार," ती म्हणाली,
"कल तिचा तिला माहीत आहे."

टेप लावली. टेपच्या कडेवर
आधी जुनाच पांढरा फिरवायचा असतो,
जे झिरपायचं ते पांढऱ्यात पांढरं झिरपून जातं,
मग पिवळ्याला फट उरत नाही.
हे तिला समजावलं.
"म्हणजे गळतं. पण दिसत नाही."
"हो."
त्यानंतर बराच वेळ ती बोलली नाही,
नुसते बूट हलत राहिले.

दहा पिवळे. दोन हात.
मधे एकदा ब्रश पडला, एकदा वीज गेली.
टेप ओली असतानाच ओढायची,
सावकाश, स्वतःकडे वळवत.
तो आवाज मला आवडतो,
कुणीतरी लांब श्वास घेतल्यासारखा.

एकोणीस पट्टे सरळ, काटेकोर.
दोन कडेचे मात्र वेडेवाकडे:
एक वर निमुळता,
एक वर पसरट.
रात्री दिवा लावला तर तेवढेच दिसतात.
मी म्हणाले, कपाट सरकवू का पुढे?

मावशी उठली, दाराच्या चौकटीला टेकली,
चौकटीइतकीच तिरकी.
दाराकडच्या पट्ट्यावर, रंग वाळला नसताना,
बोट टेकवलं. ठसा राहिला.
"असू दे," म्हणाली. "चहा टाक.
आणि माझा कप
काठोकाठ भरू नकोस."